सुकाणू हललं की हात वर

१

“आठल्यांची नंदिनी माळावर एकटी नसती म्हनं. ज्ञानूनं सोताच्या डोळ्यांनी बघितलंय. तिची आई—”

आणि गिरणीवाल्यानं पट्टा चढवला.

बायडाबाईचे ओठ हलत राहिले, हातवारे चालू राहिले, शेजारच्या दोघींनी तोंडाला पदर लावला. पण दाराशी जोंधळ्याचा डबा घेऊन उभ्या असलेल्या बनाबाईला त्या घरघरीपुढं पुढचं अक्षर ऐकू आलं नाही. उडत्या पिठातूनच ती आत घुसली, माणसं बाजूला सारून बायडाबाईपर्यंत पोचली, तोवर बायडाबाईचं दळण होऊन ती मागच्या दारानं निघूनही गेली होती. त्याच दुपारी ती भाचीच्या लग्नाला शिरोळला जाणार होती, आठ दिवस.

अर्धी बातमी म्हणजे बनाबाईला घशात अडकलेला भाकरीचा तुकडा. पाणी प्यालं तरी उतरत नाही.

मंगळवार पेठेतल्या त्या गल्लीत तिला ठाऊक नसलेलं काही घडत नसे. कुणाकडं पाहुणे आले, कुणाच्या चुलीवर काय शिजलं, कुठल्या सुनेनं माहेरी काय चिठ्ठी धाडली, सगळं. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, शाळा चौथीपर्यंत. पण माणसं वाचण्यात मॅट्रिक. तिचा स्वभाव मात्र वाईट नव्हता. कुणी अंथरूण धरलं की पेजेचा पहिला वाडगा हिचाच जायचा. भिंतीला भिंत लागून घर असलेल्या त्र्यंबकराव आठल्यांची बायको विमलाबाई शेवटचे तीन महिने बिछान्यावर होती, तेव्हा तिला भरवणं, वेणी घालणं, कूस बदलणं हे सगळं बनाबाईनं केलं होतं. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती.

आणि आता त्या गेलेल्या बाईचं नाव गिरणीत निघतं, आणि तेही हिला सोडून सगळ्या पेठेला ठाऊक.

घरी येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं. केरबा उद्यमनगरात ओतकामाच्या कारखान्यात होता. त्यानं पायावरची काळी वाळू झटकली आणि म्हणाला, “अर्धीच कळली व्हय? मग आज झोप न्हाय म्हना की तुला.”

खरंच आली नाही.

२

त्र्यंबकराव आठल्ये लढाईत बिनतारी खात्यात होते. लढाई संपल्यावर परत येऊन त्यांनी रेडिओ दुरुस्तीचं दुकान घातलं. शांत माणूस, चष्म्यावर चष्मा लावून तारा जोडणारा. पण त्यांचा खरा जीव दुकानात नव्हता. मुंबईकडं काही हौशी मंडळींचा एक क्लब होता. ही माणसं हातभर पंखांची विमानं बनवून उडवत, आणि खाली उभं राहून एका पेटीवरचं बटण दाबलं की वर विमानाच्या शेपटीतलं सुकाणू वळे. मधे तार नाही, दोरी नाही. असले संच बनवणारे छोटे कारखानदार जो तो आपलाच माल उत्तम म्हणून सांगत. म्हणून क्लब प्रत्येक नवा संच त्र्यंबकरावांकडं पाठवी. ते तपासत आणि कागदावर खरं ते लिहीत. “विकणाऱ्यानं तपासू नये आणि तपासणाऱ्यानं विकू नये,” असं ते म्हणत.

तपासणीत मुख्य गोष्ट पल्ला. बटणाचा हुकूम किती लांबवर पोचतो?

सोमवारी दुकान बंद. चार वाजता बापलेक टेंबलाईच्या टेकडीपलीकडच्या माळावर जात. त्र्यंबकराव घडीचं टेबल मांडत, वर पेटी, पेटीला पुरुषभर उंचीची दांडी. नंदिनी विमान तान्ह्या पोरासारखं काखेत घेऊन समोर चालू लागे. पन्नास पावलांवर थांबायचं, पांढरी झेंडी रोवायची. मग त्र्यंबकराव दहा वेळा बटण दाबत. विमानाच्या पोटात टिक् होई आणि सुकाणू हले. सुकाणू हललं की हात वर. दहा झाले की पुढची पन्नास पावलं. नेम एकच होता: जोवर सुकाणू हलतंय तोवर चालायचं. कुठं थांबायचं ते सुकाणू सांगेल, आपण नाही.

ही दोघं विमान घेऊन कुठं जातात ते विचारल्याशिवाय बनाबाईला राहवलं नव्हतं. विचारलं, आणि त्र्यंबकरावांनी तिलाच कामाला लावलं. बटण दाबणारा मी, हात वर करणारी माझीच मुलगी, मोजणाराही मीच, असली तपासणी काय कामाची, ते म्हणाले. बाहेरचा साक्षीदार हवा. आणि तुमच्या पोटात काही राहत नाही हे सबंध पेठेला ठाऊक आहे, तेव्हा तुमच्यासारखा साक्षीदार नाही.

ही स्तुती की टोमणा, हे बनाबाईला दोन दिवस कळेना. केरबा म्हणाला, “सरकारनं तुला आदीच नेमाय पायजे हुतं.”

तेव्हापासून दर सोमवारी टेबलापुढं चटई टाकून ती त्र्यंबकरावांकडं पाठ करून बसे. हातात त्यांची लष्करातली दुर्बीण, पुढ्यात वाडगा आणि चिंचोके. दुर्बिणीत नंदिनीचा हात वर झाला की एक चिंचोका वाडग्यात. मागं त्र्यंबकराव प्रत्येक दाबाला पेन्सिलीची एक रेघ मारत. त्यांनी कधी दाबलं ते तिला दिसायचं नाही, तिनं कधी टाकला ते ते विचारायचे नाहीत. शेवटी रेघा आणि चिंचोके जुळले पाहिजेत.

पहिल्या सोमवारच्या संचानं अडीचशे पावलांवर मान टाकली. दुसऱ्यानं चारशेवर. दोन्ही वेळा रेघा तितके चिंचोके. बनाबाईला अशी ऐट आली की तिनं भाजीवालीकडंसुद्धा मेथीच्या जुड्या डोळ्याला हाताची नळी लावून बघितल्या.

३

गिरणीतल्या त्या दिवसाच्या आधीच्या सोमवारी, म्हणजे तिसऱ्या खेपेला, हिशेब चुकला.

साडेतीनशे पावलांपर्यंत सत्तर रेघा, सत्तर चिंचोके. चारशेवर दहा रेघा आणि तेरा चिंचोके.

त्र्यंबकरावांनी वाडगा पुन्हा मोजला. मधे माशी वगैरे हाकलताना चुकून पडले असतील, असं म्हणाले. बनाबाईला राग आला. पंगतीला दोनशे भाकरी मोजून वाढणारी बाई ती, तिला तेरा मोजता येऊ नयेत? नंदिनीचा हात तेरा वेळा वर झाला होता म्हणजे झाला होता.

साडेचारशेवर दहाला सतरा. पाचशेवर तर बनाबाईला वाटलं की हात वर जातोय, खाली येतोय, वर जातोय, जसा कुणी झोपाळा ढकलावा तसा एका चालीत. त्र्यंबकरावांचं बटण असं कधीच नसे. ते थांबून, खोकून, चष्मा पुसून दाबत.

त्यांनी लाल फडकं हलवून नंदिनीला माघारी बोलावलं. पोरगी आली ती घामानं डबडबलेली.

“सुकाणू हलत होतं, बाबा,” ती म्हणाली. “मी काय करणार.”

विमानतळावर बिनतारी यंत्र असेल, कारखान्यांच्या मोटारींच्या ठिणग्या असतील, असलं काहीतरी मधेच घुसतं, असं त्र्यंबकराव म्हणाले. बनाबाईला ते पटलं. न पटायला तिला त्यातलं काय कळत होतं? पण परत येताना एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. ठिणग्या घुसल्या म्हणणारा माणूस एरवी घरी पोचेपर्यंत ठिणग्यांवर बोलत राहिला असता. त्र्यंबकराव वाटभर एक शब्द बोलले नाहीत.

संध्याकाळी तिनं ताटलीत भाजी घातली आणि ताटली हातात धरून मधल्या भिंतीला कान लावला. पलीकडं टिक्, टिक् चाललं होतं. मग बंद. मग त्र्यंबकरावांचा आवाज, हळू, कुणाला तरी विचारल्यासारखा. नंदिनी त्या वेळी बाहेर ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती.

४

बायडाबाई शिरोळला, तेव्हा बातमीचा उरलेला तुकडा आणायला बनाबाई रविवारी थेट ज्ञानूकडंच गेली.

ज्ञानूची शेरडं टेंबलाईच्या पायथ्याला चरत. म्हातारा दगडावर बसून तंबाखू मळत होता. गिरणीत काय सांगितलंस म्हणून तिनं दटावलं, तेव्हा तो आधी म्हणाला की आपण काय सांगितलं न्हाय. मग म्हणाला की जेवढं बघितलं तेवढंच सांगितलं.

“दोघी असत्यात की,” तो म्हणाला. “एक हिकडनं जाती. दुसरी तिकडनं येती. झेंड्या रवत. मला वाटलं तुमचंच मानूस.”

“तिकडनं म्हंजे कुटनं रं?”

“समूरनं. आता तिकडं काय हाय म्हनून इचारू नगा. कुसळं हाईत. हिचा हात वर झाला की तिचा वर. येकदमच.”

“आन् आई? नंदिनीची आई कोन म्हनालं?”

“मी म्हनालो बाईमानूस हाय. गिरणीतल्या बायका म्हनल्या, मग आईच आसंल, लेकीला न्ह्याला आली आसंल.” त्यानं तंबाखू तोंडात टाकली. “आसंल बी. लांबनं काय वळखू येतंय.”

परत येताना बनाबाईनं वाटेत त्या दुसऱ्या बाईच्या सगळ्या सोयी लावून टाकल्या. शेण गोळा करणारी असेल. गवत कापणारी असेल. ऊन तापलं की माळावर पाणी दिसतं, तशी पोरीची सावलीच दिसत असेल. पण मग सावली झेंड्या कशाला रोवेल, हे तिनं मनातल्या मनातच दाबून टाकलं.

तरी संध्याकाळी ती आठल्यांच्या ओट्यावर जाऊन बसली. एकोणीस वर्षांची पोरगी, दिसायला नीट; कुणी भेटत असेल माळाच्या पलीकडं तर तेही बघायला हवं. तिनं आडून आडून विचारलं. नंदिनी आधी हसली.

“काकू, तिथं कावळापण भेटत नाही.”

मग तिचे हात सुपातच थांबले.

“एक सांगू? हसू नका. सुकाणू हलतं, मी हात वर करते. पण चारशे पावलांच्या पुढं गेले ना, की दर वेळी वाटतं, मला उशीर झाला.”

“कुनाच्या मानानं उशीर?”

नंदिनीनं सुपातला एक खडा उचलून टाकला. तेच कळत नाही, म्हणाली, आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली.

बनाबाईनं त्र्यंबकरावांना सांगून बघितलं की उद्याचा सोमवार सोडा, पोरीला बरं वाटत नाही. ते म्हणाले, कागद अर्धा राहिलाय. अर्धा कागद मी कधी पाठवलेला नाही. त्यांचं म्हणणं तिला समजलं. अर्ध्या गोष्टीचा जाच तिला कोण समजावून सांगणार?

५

चौथ्या सोमवारी वारा पडला होता. जोतिबाच्या डोंगराकडं पाठ करून त्र्यंबकरावांनी टेबल मांडलं. बारा झेंड्यांची मोळी आणि विमान घेऊन नंदिनी निघाली.

चारशेपर्यंत सगळं रोजच्यासारखं. मागं पेन्सिलीची खरखर, पुढं वाडग्यात चिंचोक्याचा टप् आवाज. साडेचारशे. पाचशे. हात वर, टप्. हात वर, टप्. त्या चालीत बनाबाईला गुंगी येऊ लागली. आणि गुंगीतच तिला जाणवलं की बराच वेळ झाला, मागून खरखर येत नाहीये.

मागं वळायचं नाही असा नेम होता. पण नेम पाळून गप्प बसायला ती बनाबाई कशाला झाली असती? ती वळली.

त्र्यंबकरावांचे दोन्ही हात मांडीवर होते. पेन्सील कागदावर आडवी. पेटीचं मागचं झाकण उघडं, आणि आतली बॅटरी काढून टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवलेली, तिच्या दोन्ही तारा सुट्या.

ती पुन्हा दुर्बिणीत बघू लागली. हात वर. हात खाली. हात वर.

“आण्णा, बटन कोन दाबतंय?”

“चारशेनंतर मी दाबलेलं नाही,” त्र्यंबकराव म्हणाले. “गेल्या सोमवारीही साडेचारशेनंतर रेघा मी खोट्याच मारल्या. आयुष्यात पहिल्यांदा.”

ते अगदी हळू बोलत होते, जणू मोठ्यानं बोललं तर समोरचा हात थांबेल.

“आज मुद्दाम दुसरा संच लावून पाहिला, दुसऱ्या कारखान्याचा. त्याच जागी तेच. म्हणजे संचात काही नाही. तिथं कुणीतरी आहे, बनाबाई. गिरणीत काय बोलतात ते माझ्याही कानावर येतं.” त्यांनी चष्मा काढला. “विमल असेल तर? जाताना तिनं नंदिनीला बघायला मागितलं, आणि नंदिनी शाळेत होती. मी म्हणालो येईल इतक्यात. असेल तर भेटू दे की एकदा पोरीला.”

“भेटून मागारी कोन आनायचं तिला?”

त्र्यंबकरावांनी चष्मा पुसायला घेतला. त्यांचा नेम पोरगी पाळत होती. जोवर सुकाणू हलतंय तोवर चालायचं. आणि ते थांबवणारं या टेबलावर कुणी नव्हतं. बॅटरी तर इथं सुटी पडली होती.

लाल फडकं हलवा, असं ती ओरडली. ते तसेच बसून राहिले. बनाबाईनं ते फडकं हिसकलं, हलवलं, हाका मारल्या. दुर्बिणीत नंदिनी पाठमोरी होती. शेवटची झेंडी रोवून ती पुढं निघाली होती.

बनाबाईनं दुर्बीण गळ्यात अडकवली, लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि धावत सुटली.

६

ती कसली धावतेय. शंभर पावलांत दम लागला. मग ती चालू लागली, जमेल तितक्या भराभर. झेंड्या एकामागून एक मागं पडत होत्या. पायांखाली कुसळं कराकरा मोडत होती. पहिल्या सात-आठ झेंड्यांपाशी शेरडांच्या लेंड्या होत्या, मुंग्यांची वारुळं होती, कुणाचं तरी तुटलेलं पायताण होतं. पुढं काहीच नव्हतं. माळच, पण झाडून घेतल्यासारखा. तिला वाटलं, आपल्याला दम लागलाय म्हणून असं दिसतंय. मग वाटलं, दम लागल्यावर डोळ्यापुढं काजवे येतात, लेंड्या जात नाहीत.

बाराव्या झेंडीच्या पुढं तीसेक पावलांवर नंदिनी उभी होती. वेड लागल्यासारखी वगैरे अजिबात नाही. कपाळाला आठी, जशी गणित न सुटल्यावर पडते.

“काकू, झेंड्या संपल्या,” ती म्हणाली.

“मग चल मागारी.”

“पण पुढची लावलेलीच आहे.”

बनाबाईनं बघितलं. वीस पावलांवर, बरोबर जिथं तेरावी यायची तिथं, बारीक काठीवर पांढरं फडकं होतं.

“आणि हे बघा.” नंदिनीनं विमानाची शेपटी वर केली. “सुकाणू हलायला आत पीळ भरलेलं रबर असतं. त्याचा पीळ केव्हाच सुटलाय. लोंबतंय नुसतं. हलायलाच नको.”

टिक्. सुकाणू हललं. नंदिनीचा हात वर गेला.

बनाबाईनं विमान तिच्या काखेतून काढून घेतलं. कागद आणि काड्यांचा तो जीव, चिमणीएवढं वजन. हे घेऊन आता माघारी फिरायचं, एवढंच तिच्या मनात होतं. टिक् झालं. पोटातून बारीक ठोका तळहाताला लागला, बाळंतिणीच्या पोटावर हात ठेवल्यावर लागतो तसा. आणि तिच्या मनात आलं की एवढ्या लांब आलोय तर त्या झेंडीला कापड कसलं आहे तेवढं बघून यावं. वीस पावलं तर आहेत.

तिला दुसऱ्यांच्या दोरीवरचं लुगडंसुद्धा हात लावून बघायची सवय. ती निघाली.

तेरावी झेंडी जवळ आली, आणि तिच्यामागं चौदावी दिसली, पंधरावी दिसली, सरळ ओळीत, पन्नास-पन्नास पावलांवर, अगदी आपल्यासारखीच टेबलापासून निघून इकडं येत असलेली. तिनं एका हातानं दुर्बीण डोळ्याला लावली.

पंधराव्या झेंडीपाशी एक पोरगी उभी होती. काखेत काहीतरी धरलेलं. टिक् झालं, आणि त्या पोरीचा हात वर गेला. तिच्या खूप मागं एक टेबल होतं. टेबलाशी एक पुरुष बसला होता, हात मांडीवर. त्याच्यापुढं चटईवर एक जाडशी बाई होती. तिच्या डोळ्यांना काहीतरी लावलेलं होतं आणि तोंड सरळ इकडं होतं. चोळीला उजव्या खांद्यावर वेगळ्या कापडाचं ठिगळ. टिक् झालं. बाईनं खाली न बघता पुढ्यातल्या वाडग्यात काहीतरी टाकलं.

मग बनाबाईला दिसलं की आपल्याही खांद्यापासून वर काहीतरी आहे, आणि तो आपलाच हात होता. वर झालेला.

पदराला जोराचा हिसका बसला.

“काकू, तुम्ही कुठं निघालात?” नंदिनी रडवेल्या आवाजात म्हणत होती. “किती हाका मारल्या. काकू, मला भीती वाटतेय. परत चला ना.”

बनाबाईनं विमान फेकलं नाही. फेकवेना. गवतात अलगद ठेवलं, निजलेलं पोर ठेवावं तसं. पोरीचं मनगट धरलं आणि पाठ फिरवून चालू लागली. मागं टिक्, टिक् चालूच होतं. दहावी झेंडी आली, आठवी आली, वारुळं आली, लेंड्या आल्या. टिक्टिक् तेवढीच जवळ होती, मागच्या मागं कानाशी, ना कमी ना जास्त. पाचव्या झेंडीपाशी टिक्टिक् थांबली. तेव्हा नंदिनी एवढंच म्हणाली, “आता पल्ला संपला,” आणि पहिल्यांदाच रडली.

७

त्र्यंबकराव टेबलापाशी उभे होते. पोरीला धडधाकट परत आलेली बघून त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. विमान कुठं आहे ते त्यांनी विचारलं नाही. नंदिनीला त्यांनी पाण्याची कळशी घेऊन टेंबलाईच्या देवळाच्या पायऱ्यांपाशी बसायला पाठवलं. ती ऐकू येण्याइतक्या अंतराबाहेर गेल्यावर त्यांनी बनाबाईकडं बघितलं.

“होती?”

बनाबाई चटईवर बसली नाही. तिच्यानं त्या चटईवर बसवेना. ती उभी राहिली, धापा टाकत. आपण आता काय बोलतो त्यावर पुढचा सोमवार ठरणार आहे, हे तिला लख्ख कळत होतं. हो म्हटलं तर हा बाप पोरीला पुन्हा पाठवील, किंवा स्वतःच विमान काखेत घेऊन निघेल, आणि मग पोरीला कुणी उरणार नाही. काहीच नव्हतं म्हटलं तर त्याला ते खोटं वाटेल आणि तरी तो जाईल.

“ज्ञानूचं निम्मं खरं हाय,” ती म्हणाली. “येक पोरगी हाय तिकडं. आपल्या नंदिनीएवढीच. झेंड्या रवत येती. आनखी दोन-तीन झेंड्यांत दोघी समोरासमोर आल्या असत्या.”

“आणि विमल?”

“विमलाबाई न्हवती.”

“लांबून काय कळतं, बनाबाई.”

“तीन म्हयनं मी त्या बाईला न्हाऊ घातलंय, आण्णा. अंधारात पाठ बघितली तरी वळखंन. ती न्हवती तिथं. तिथं कोनीबी कुनाला भेटाय आलेलं न्हाय.”

त्र्यंबकराव तिच्या चेहऱ्याकडं बघत राहिले, यंत्राच्या काट्याकडं बघावं तसे, तो डावीकडं सरकतो का, कापतो का. काटा कापला नाही. सबंध पेठेला ठाऊक होतं की या बाईच्या पोटात काही राहत नाही. ती जे म्हणते तेवढंच असतं आणि जेवढं असतं तेवढं ती म्हणतेच.

ते खाली बसले. त्यांनी कागद पुढं ओढला. पल्ल्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: मोजता आला नाही. चाचणी थांबवली. मग खोट्या मारलेल्या रेघा एकेक करून खोडल्या आणि खाली सही केली. साक्षीदाराच्या जागेवर बोट ठेवून त्यांनी पेन्सील बनाबाईपुढं धरली.

तिनं चौथीतल्या वळणदार अक्षरात नाव लिहिलं.

“आणखी कुणी होतं?” त्यांनी विचारलं. आता तो बाप नव्हता, तपासणारा होता. रकाना मोकळा राहू नये म्हणून विचारत होता.

“टेबलाशी येक बाप्या हुता.”

“बटण दाबत होता?”

“न्हाय. हात मांडीवर हुतं त्याचं.”

त्र्यंबकरावांनी आपल्या हातांकडं बघितलं आणि ते टेबलावर ठेवले.

“आणि त्याच्यापुढं? चटईवर?”

नंदिनी पायऱ्यांवरून हाक मारत होती, ऊन उतरलं, निघायचं ना. बनाबाईनं दुर्बीण गळ्यातून काढून टेबलावर ठेवली. मग पदर ओढून घेतला, उजव्या खांद्यावरून पुढं, चोळीवरचं ठिगळ नीट झाकेपर्यंत.